गास ते किल्ला, पायी

५ फेब्रुवारी, संत गोन्सालो गार्सियांचा सण. पहाटे गासच्या चर्चपासून आम्ही सातजण वसईच्या किल्ल्याकडे निघालो. भुईगावपर्यंत जपमाळ झाली. गिरीजला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सोबतच्या मावशींनी पदराची पिन काढून दिली.

"आज कामाला दांडी काय रे?"

"नोकरी सोडली, मावशी."

"परदेशी पैशाची? वेडा का तू!"

विकासाचं काम, पैसा युरोपातला. तिथून आलेला पंचविशीतला पोरगा 'तज्ज्ञ', आणि वीस वर्षं पाडे तुडवलेले आमचे वारली दादा 'फील्ड स्टाफ'. माहिती दादांची, अहवालावर नाव गोऱ्याचं. पोप सहावे पॉल यांनी १९६७च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रकात वंशवादावर लिहिलंय, आणि बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनी मालकासारखं नव्हे, सहकाऱ्यासारखं वागावं असंही. पुस्तिका आमच्याच ऑफिसच्या कपाटात होती, धूळ खात.

गोन्सालोंचंही तेच. जन्म वसईचा, बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानात वर्षानुवर्षं जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघासोबत धर्मशिक्षणाचं काम केलं, भाषा त्यांच्यासारखी कुणाला येत नव्हती म्हणतात. पण संघात घ्या म्हटल्यावर घेतलं नाही. आई इथली, हेच नडलं असं मानतात. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाने घेतलं. १५९७ साली नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारलं, १८६२मध्ये ते संत झाले. किल्ल्यातलं जेझुइटांचं चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखतात. मला तर हसूच येतं.

हे सगळं मी मावशींना रमेदीपर्यंत तावातावाने सांगितलं. पारनाक्याला चहा घेताना गोऱ्यांना आणखी दोन शिव्या घातल्या.

एक मात्र सांगितलं नव्हतं. बैठकीत दादांचं बोलणं इंग्रजीत मीच करायचो. ते पाच मिनिटं बोलायचे, मी दोन वाक्यांत उरकायचो. "त्यांचं तेच तेच असतं," असंही एकदा बोलून गेलो होतो. हे मला कुठल्या गोऱ्याने शिकवलं नव्हतं.

किल्ल्यात शिरताना पाचूबंदरच्या सुकत्या बोंबलांचा वास आला. तिथे ते बाहेर पडलं. मावशी थांबल्या.

"मग आता तो वारली कुठे?"

"तिथंच आहे. फील्ड स्टाफ."

"आणि तू वारीला."

मिस्सा झाल्यावर त्यांनी पिन परत मागितली. पारनाक्यापर्यंत अनवाणी आलो.