डाऊन्टनचं ओपीडी रजिस्टर : सताप, मोतीबिंदू आणि सिबिलचा केसपेपर

मागच्या नोंदीपर्यंत रजिस्टरमध्ये सव्वीस पेशंट होते, आता एकतीस झाले. दिवाळीनंतर कापूस वेचणीत महिनाभर पेन हातात धरायला झालं नाही. गेल्या पंधरवड्यात मात्र तुरीच्या ओल्या शेंगा सोलत सोलत दुसरा सीझन उरकला आणि तिसऱ्यात सिबिलपाशी येऊन अडकले.

नव्यांसाठी दोन ओळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली रिटायर्ड एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्सबाई. ‘डाऊन्टन ॲबी’ ही शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज लॉर्डच्या हवेलीवरची मालिका दुसऱ्यांदा बघते आहे. त्या हवेलीत जो कोणी आजारी पडेल, मग तो लॉर्ड असो की स्वयंपाकीण, त्याचा केसपेपर भरते. रजिस्टर दुकानातून विकत घेतलंय, उपकेंद्रातून आणलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं. उरलेलं नात सांगते. ती बारावीला आहे आणि अभ्यास टाळायला तिला हे निमित्त पुरतं.

या खेपेचं मोठं काम म्हणजे नवा रकाना. झालं असं, की पहिल्या सीझनमधल्या ड्रेक शेतकऱ्याच्या नावापुढे मी शेरा मारला होता, ‘इको (हृदयाची सोनोग्राफी) न करता सुई घातली’. त्याच्या हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलेलं असतं, लॉर्डच्या नात्यातली, नर्सिंग शिकलेली इसोबेल गावच्या डॉ. क्लार्कसनच्या मागे लागते, आणि शेवटी तो घाबरत घाबरत पाणी काढून ॲड्रेनॅलिन देतो. नातीनं शेरा वाचला आणि म्हणाली, “आजी, १९१२ मंदी इको कुठून आणीन तो?” खरंच की. ॲड्रेनॅलिनच तेव्हा नवं होतं, ताकामिने या जपानी शास्त्रज्ञानं ते १९०१ च्या सुमारास शुद्ध करून दिलेलं. म्हणजे क्लार्कसनचं घाबरणं बरोबर आणि इसोबेलची घाईही बरोबर. तेव्हापासून निदान आणि उपचार यांच्या मधे पट्टीनं रेघ मारून ‘त्या साली’ असा रकाना केलाय. त्या साली काय माहीत होतं, काय मिळत होतं, ते आधी लिहायचं; शेरा नंतर. जुन्या सव्वीस नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या, त्यात माझे नऊ लाल शेरे खोडले गेले.

सगळ्यात लाजिरवाणी खोड मोल्सलीची. हा नोकर हातावरची लाल, खाजरी पुळी घेऊन येतो. इसोबेल बघते आणि एरिसिपेलस सांगते, आपण धावरं म्हणतो ते. मीही पहिल्या वेळी तेच लिहून मोकळी झाले होते. आणि मग ती खाष्ट म्हातारी डाऊजर, लॉर्डची आई, जिनं जन्मात कुणाची पट्टी बदलली नसेल, ती एका नजरेत ओळखते की हा माणूस बागेत रू नावाचं झाड हाताळतोय, त्याची ही बाधा. रू म्हणजे आपली सताप! माझ्या तुळशीवृंदावनाशेजारी तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली आहे. लहान पोराचं पोट धरलं की शेजारणी दोन पानं मागायला येतात, वासानं मांजर फिरकत नाही. पण सतापीचा रस हाताला लागला आणि वर ऊन लागलं, की कातडी भाजल्यासारखी होते. रसातली द्रव्यं उन्हानं चेततात, म्हणून फोड नेमके जिथे रस लागला आणि ऊन पडलं तिथेच. आमच्या शेजारच्या बाईनं एकदा भर दुपारी सताप छाटली होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही मनगटांवर चाबूक ओढल्यासारखे पट्टे. मी तिला खरजेचं मलम दिलं होतं. चूक झाली, काय सांगू. आता मोल्सलीच्या निदानात ‘सताप + ऊन’ लिहिलंय आणि तपासणीत ‘घरी काय लावलंय ते विचारणे’.

मिसेस पॅटमोरचा केसपेपर जाऊबाईंनी भरून घेतला, म्हणजे त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. स्वयंपाकीण बाई, डोळ्यावर सारा आला, साखरेऐवजी गोड पदार्थावर मीठ भुरभुरलं, सगळ्या पाहुण्यांसमोर शोभा झाली. जाऊबाई लगेच म्हणाल्या, “मायं बी तसंच होतं व माय, दुधात तुरटी टाकली होती म्या.” पॅटमोरला लंडनला मूरफिल्ड्सच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवतात. इथवर सगळं पटतं. पण त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच राहत नसे. आत बसवायचं भिंग हॅरोल्ड रिडलीनं पहिल्यांदा बसवलं ते १९४९ साली, तेही लंडनलाच. महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे त्या प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसून तसेच राहिले, डोळ्यानं कुरकुर केली नाही, हे पाहून त्याला सुचलं. म्हणजे पॅटमोरला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायला हवा होता. आमच्याकडच्या जुन्या शिबिरांतून परतलेल्या म्हाताऱ्या आठवा. डोळे केवढे मोठे दिसायचे, आणि दाराच्या चौकटीला हमखास खांदा लागायचा. पुढच्या सीझनांत स्वयंपाकघरात तो चष्मा मला कुठे दिसला नाही. हा लाल शेरा कायम.

हवेलीचा वारस मॅथ्यू, त्याच्या पाठीचं थोडक्यात. १९१८ ला लढाईत कंबरेखालचा भाग गेला, आता कायमचा अपंग असं सांगितलं, आणि १९१९ त गडी उठून उभा. स्पायनल शॉक, म्हणजे मार बसून मज्जारज्जू तात्पुरता बधिर, असं होतं म्हणे. असतो, पण तो काही दिवस, फार तर आठवडे. इतके महिने ताणला तो लग्नाची गोष्ट जुळावी म्हणून. यावर माझ्याकडे आणखी काही नाही.

त्याच १९१९ मध्ये हवेलीत इन्फ्लूएन्झा येतो. लॉर्डची बायको कोरा वाचते, बटलर कार्सन वाचतो, आणि त्यांच्याहून कितीतरी तरुण असलेली लॅव्हिनिया, मॅथ्यूची होणारी बायको, एका रात्रीत जाते. नात चिडली, “हे उगाच मारलं.” उगाच नाही. त्या साथीची खोडच ती होती. वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसं तिनं जास्त नेली. मी लग्न करून आले तेव्हा आजेसासूबाई होत्या. त्यांना सन कळत नव्हते, त्या मानमोडीवरून सांगायच्या. अमका मानमोडीच्या आधीचा, तमकी मानमोडीनंतर झाली. कितीतरी वर्षं मला वाटायचं की मानमोडी म्हणजे गावातलं काही भांडण असावं. ती हीच, १९१८ ची. मुंबईत जूनमध्ये शिरली, आणि पावसाळा सरता सरता दुसरी लाट आली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात फार वाईट गेली. हिंदुस्थानात सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागांत आपला नंबर लागतो. १९११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २५.२ कोटी होती, १९२१ ला २५.१ कोटी. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. ‘त्या साली’च्या रकान्यात लिहिलंय : हा विषाणूचा आजार हेच ठाऊक नाही, पेनिसिलिन नाही, ऑक्सिजन नावापुरता. लॅव्हिनियाच्या उपचारात ‘शेजारी बसणे’. पोचवायला नीट माणसं मिळाली हेच तिचं नशीब. आजेसासूबाई सांगायच्या, एकाला पोचवून येईपर्यंत दुसऱ्याची तिरडी बांधायला घ्यावी लागे.

आता सिबिल. या एका पानानं माझे आठ दिवस खाल्ले.

लॉर्डची धाकटी मुलगी, साल १९२०, पहिलटकरीण, दिवस भरलेले. क्लार्कसन तिला लहानपणापासून ओळखतो. त्याला घोटे सुजलेले दिसतात, पोरगी बडबडतेय हे दिसतं, लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) सापडतं, म्हणजे बाळंतपणात झटके यायची, एक्लॅम्पसियाची खूण. लंडनहून मोठ्या मानानं आणलेले सर फिलिप म्हणतात, घोटे जात्याच जाड असतील, बायकांचे असतात. इथे मी टीव्ही बंद केला आणि चहा ठेवायला उठले.

अल्ब्युमिन कसं बघायचं, ते नव्या पोरींना ठाऊक नसेल, आता पट्टी बुडवली की झालं. आम्ही परीक्षानळी पाऊण भरायचो, चिमट्यात तिरपी धरायचो आणि स्पिरिटच्या दिव्यावर फक्त वरचा भाग तापवायचो. खालचं पाणी स्वच्छ, वर ढग जमला, की ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब. ढग विरला तर फॉस्फेट, काळजी नाही. ढग राहिला तर बाहेर बसलेल्या नवऱ्याला म्हणायचं, गाडी बघा. तो ढग विरतो की राहतो हे बघायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत मी श्वास सोडत नसे.

रिटायर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी अशीच एक पोर होती. चेहरा सुजलेला, डोकं दुखतंय, डोळ्यापुढे काजवे. आदल्या आठवड्यात तिला मोठ्या ठिकाणी दाखवून आणलं होतं. सूज सगळ्यांनाच असते, असं सांगून परत पाठवलं होतं. आमच्याकडे झटका आला. मॅगसल्फच्या (मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांवरचं औषध) दहा अँप्युल फोडायच्या, एकेकीत एक ग्रॅम, पाच या कुल्ल्यात, पाच त्या कुल्ल्यात, खोल. दहा काचा फोडताना बोट कापलं ते जीपमध्ये बसल्यावर दिसलं. ती पोर वाचली. तिचा मुलगा आता शाळेत जातो.

म्हणून सिबिलच्या पानावर पहिल्या वेळी मी लाल शाईत लिहिलं होतं, ‘मॅगसल्फ का नाही?’ नव्या रकान्यानं तो शेरा खाल्ला. शिरेतून मॅगसल्फ द्यायची पद्धत अमेरिकेत लिहून आली १९२५ ला, स्नायूतून १९२६ ला. त्यामुळे झटके टळतात हे पक्कं सिद्ध करणारी मोठी चाचणी तर २००२ ची, तेहतीस देशांतल्या दहा हजारांवर बाया, आणि झटक्यांचा धोका निम्म्याहूनही कमी झाला. १९२० साली क्लार्कसनच्या पिशवीत काय होतं? अंधारी खोली, मॉर्फिन, क्लोरल ही गुंगीची औषधं; रशियातल्या स्ट्रोगानोफची रीत. नाहीतर तो म्हणत होता तसं दवाखान्यात नेऊन सिझेरियन, अँटिबायोटिक नसताना आणि रक्त सहज मिळत नसताना.

सिबिल बाळंत होते आणि झटक्यांत जाते. पुढे डाऊजर क्लार्कसनला गळ घालते, आणि तो आईबापांना सांगतो की नेली असती तरी वाचायची आशा नावापुरतीच होती. पहिल्या वेळी मी इथे लिहिलं होतं, ‘खोटं बोलला’. जाऊबाईंचं मत अजून तेच आहे. “त्या लंडनवाल्यावर पांघरून घातलं त्यानं,” म्हणतात. मी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘आशा थोडी. पण नेऊन बघायला हवं होतं.’ शाईनं लिहायला हात होत नाही, आणि निकालाच्या रकान्यात ‘मुलगी, जिवंत’ एवढंच भरलंय.

पुढच्या खेपेला मिसेस ह्यूजेसची छातीतली गाठ घेते. लॉर्ड मर्टनचा पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे तेव्हाचा जीवघेणा पंडुरोग, शेवटच्या सीझनला आहे, १९२५ चा. अमेरिकेतल्या मिनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोज पाव किलोपर्यंत कलेजी खाऊ घालून तो आजार आटोक्यात आणला ते १९२६ साली. मर्टनचं निदानच चुकलेलं निघतं म्हणून बरं, नाहीतर म्हातारा एका वर्षानं हुकला असता. कलेजीचं ऐकून जाऊबाईंनी माळ दाखवली, त्या माळकरी आहेत.