घडणावळ

आमच्या धंद्यात भांड्याला दोन किमती असतात. एक वजनाची, एक घडणावळीची. नवं घेताना गिऱ्हाईक दोन्ही मोजतं. तेच भांडं तीस वर्षांनी मोडीत घालायला आणलं की घडणावळ शून्य. नक्षी असो नाहीतर आजीचं नाव कोरलेलं असो, तराजूला ते दिसत नाही. उलट कडी लोखंडी असेल तर तिचं वजन वजा, पोटात लाख भरली असेल तर तीही वजा.

रविवार पेठेतलं हे दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६८ मध्ये टाकलं. आता गल्ल्यावर मी बसते. अण्णा त्र्याऐंशीचे आहेत आणि रोज अकराला येऊन माझ्या चुका काढतात. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी त्यांना जुन्या घरगुती वस्तूंच्या केळकर संग्रहालयात घेऊन गेले. रविवार पेठेतून बाजीराव रस्त्यावर चालत जाता येतं, तरी हा माणूस सत्तावन्न वर्षांत तिकडे फिरकला नव्हता. पुणेकराला हे समजावून सांगायची गरज नाही. आपण शनिवारवाडासुद्धा पाहुणे आले तरच बघतो.

आत शिरल्यावर दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की अण्णा वस्तू बघत नाहीयेत, तोलतायत. "ही समई साडेतीन किलो. ह्याचा खालचा भाग पोकळ आहे, फसू नकोस." दिव्यांच्या दालनात तर ते एकेका कपाटापाशी थांबून पुटपुटत होते. लामणदिवे, समया, हातात पणती धरून उभ्या दीपलक्ष्म्या. एका ताटलीपाशी त्यांनी काचेवर टिचकी मारली. रखवालदार म्हणाला, "आजोबा, काचेला हात नको." अण्णा म्हणाले, "मग काशाची आहे की पितळेची, हे वाजवल्याशिवाय कळणार कसं?" त्या बिचाऱ्याकडे उत्तर नव्हतं.

अडकित्त्यांपाशी मात्र अण्णा गप्प झाले. सुपारी कातरायचं एवढंसं हत्यार, पण कुणाच्या मुठीत पोपट, कुणाच्या घोडा, कुठे जोडपंच एकमेकांना बिलगलेलं. पलीकडे पाय घासायच्या वज्र्या. पाय घासायची वस्तू! तिच्यावरही मोर आणि हत्ती. कारागिराने तिथेही हात आखडता घेतलेला नाही. "ह्यात धातू तो किती," अण्णा म्हणाले, "सगळी मजुरीच आहे ही."

आणि तेवढ्यात मला कळलं की हे सगळं घर ज्याने भरलं, त्याने आयुष्यभर नेमकी तीच किंमत मोजली, जी आम्ही सोडून देतो.

दिनकर गंगाधर केळकर, १८९६ ते १९९०. घरचं चष्म्यांचं दुकान. (चष्मेवाल्याला नजर होती, हा विनोद पुण्यात प्रत्येकाने एकदा करून झालाय, मी करत नाही.) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले आणि १९६० पर्यंत १५,००० च्या आसपास नग झाले. आज २०,००० च्या वर आहेत, मांडलेले साधारण २,५०० च. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर साडेसतरा हजार नग माळ्यावर. आमच्याकडे चाळीस परातींचा माल अडकला तर रात्रीची झोप उडते. माल आला की गेला पाहिजे, हे गल्ल्यावर बसणाऱ्याच्या हाडात मुरलेलं असतं. हा माणूसही दुकानदारच. त्याने वर्षानुवर्षं नुसता माल आत घेतला, पत्नी कमलाबाईंनी साथ दिली, आणि शेवटी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. विकला नाही, दिला.

वेळ कोणती, तेही बघा. अण्णांनी दुकान टाकलं तेव्हा स्टीलची लाट होती. बायका पितळेचे डबे, घंगाळं, तपेली रिक्षात घालून आणायच्या आणि चकचकीत स्टीलचा सेट घेऊन जायच्या. कल्हईची कटकट मिटली म्हणून खूश असायच्या, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. चिंच लावून पितळ घासणाऱ्या हातांना विचारा. ती मोड पोत्यांनी भट्टीत जायची. त्याच वर्षांत, त्याच शहरात, केळकर विळ्या आणि पानाचे डबे गोळा करत होते. सोन्यारुप्याच्या मागे धावणारे खूप असतात. विळीच्या मागे कोण धावतं?

एका बाजूला कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून उभे केलेत. सगळे पर्यटक तिथे फोटो काढत होते. अण्णांनी खांबाकडे एकदा बघितलं, "लाकूड," म्हणाले आणि पुढे गेले.

बाहेर पडताना त्यांनी पाटी वाचली आणि विचारलं, "हा केळकर राजा कुठला गं?" बाहेरगावची गिऱ्हाइकंही मला हेच विचारतात. राजा ही पदवी नाही, अण्णा. राजा त्यांचा मुलगा. एकुलता एक. सातव्या वर्षी गेला. अण्णा पाटीकडे बघत राहिले. राजा दिनकर केळकर. आधी मुलाचं, मग बापाचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीत लिहितात तसं.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अचानक म्हणाले, "ती बाई आठवते का तुला? दीपलक्ष्मी घेऊन आली होती, नाक झिजलेली?"

आठवते. मी अकरावीत होते. ती ठेवून घ्या म्हणून मी हट्ट धरला होता आणि अण्णा म्हणाले होते, "दुकान आहे, देऊळ नाही." पाच किलोच्या वर भरली होती. दुसऱ्या दिवशी पोत्यात गेली. हे त्यांना आठवत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी माझ्याच वयाची एक बाई पिशवीतून लामणदिवा घेऊन आली. साखळीची प्रत्येक कडी वेगळी, वर मोर. सासूबाई गेल्या, घर आवरतोय, म्हणाली. मी म्हटलं, "अहो, राहू द्या की घरात." ती हसली. "टू बीएचकेत कुठे टांगू? आमच्याकडे फॉल्स सीलिंग आहे."

अण्णा समोरच बसले होते. त्यांनी दिवा हातात घेतला, उलटा करून बुड बघितलं, नखाने टिचकी मारली. मग माझ्याकडे न बघता तराजूत ठेवला. दोन किलो तीनशे. साखळीचा वरचा आकडा लोखंडी होता, तो वजा केला.