जुनं सगळं असेलच ना तुमच्याकडे?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेत विचारलाय, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी मी तोंड उघडून पडलेलो असताना विचारलाय. "एवढी वर्षं स्टुडिओ चालवलात, जुन्या रेकॉर्डिंगचा खजिना असेल. यूट्यूबवर का टाकत नाही?" मी आजवर "बघू, करायचंय" म्हणून वेळ मारून नेली. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून आता सांगूनच टाकतो. खजिना वगैरे काही नाही. एक कपाट आहे, त्यात पन्नास-साठ टेपा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच टेपांवर जे नाव लिहिलंय ते आत नाही.

आमचा धंदा शिफ्टवर चालायचा. पैसे ज्याचे, गाणं त्याचं. मिक्सिंग झालं, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवून झाले, की तयार गाण्याची टेप, म्हणजे मास्टर, घेऊन तो जायचा. आठ ट्रॅकची, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे भरलेली मूळ टेप मात्र कोणी नेत नसे, कारण ती वाजवायचं मशीन घरी कोणाकडे असणार? ती आमच्याकडे पडून राहायची. महिना-दोन महिने वाट पाहायची आणि पुन्हा वापरायची. बीबीसीनंसुद्धा एके काळी आपल्या कार्यक्रमांच्या टेपा पुसून वापरल्या. मी तर शुक्रवार पेठेत पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या भाड्यानं घेऊन बसलेला, कर्जात बुडालेला माणूस. गिरणी रात्री नऊला थांबायची, तेव्हा कुठे आमचा दिवस उजाडायचा.

आणि टेपा स्वस्त नव्हत्या. अलेसिस कंपनीच्या ज्या अडॅट मशीनमुळे १९९० नंतर माझ्यासारख्या किरकोळ माणसाला स्टुडिओ काढता आला, त्याला एस-व्हीएचएसची कॅसेट लागायची. दिसायला व्हिडिओ कॅसेटच, पण तिच्यावर डिजिटल आवाजाचे आठ ट्रॅक आणि जेमतेम चाळीस मिनिटं. मी त्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचो, मोजून.

आतापर्यंतचं सगळं खरं आहे आणि हे सगळं मी लोकांना ऐकवतोच. पुढचं ऐकवत नाही.

१९९७ च्या नवरात्रानंतर आमचा एक तबलजी चार गोंधळ्यांना घेऊन आला. सासवडकडची माणसं. कसब्यात कुणाकडे गोंधळ होता, तो आटोपून रात्री साडेअकराला आली. पैशांचं बोलणं झालंच नाही. संबळ गार पडला होता, म्हणून त्यांनी माझ्या चहाच्या शेगडीवर त्याचं कातडं शेकून घेतलं. चामड्याचा तो वास दोन दिवस खोलीत होता. म्होरक्या साठीचा. त्याला बूथमध्ये उभं करून हेडफोन द्यायला गेलो, तर तो पटक्यावर बसेना. पटका काढा म्हटलं तर म्हणाला, "आईचं नाव घेताना डोई उघडी करायची नाही." मग चौघांना एकाच खोलीत बसवलं. संबळ भिंतीकडे तोंड करून, मध्ये दोन खुर्च्यांवर गोधड्या टाकून. तरी काय व्हायचं ते झालंच. म्हाताऱ्याच्या माईकमध्ये संबळ आणि तुणतुणं धो धो शिरत होतं.

त्यानं सलग अडतीस मिनिटं म्हटलं. मी बटणाला हात लावला नाही. संपल्यावर तबलजी नुसता बसून राहिला होता. मी टेप बाहेर काढली आणि तिच्या मागची प्लॅस्टिकची पट्टी स्क्रूड्रायव्हरनं मोडली. ती मोडली की मशीन त्या टेपवर रेकॉर्ड करत नाही. लक्षात ठेवा हे.

पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. गणपती तोंडावर, आरत्यांच्या कॅसेटचं काम, रविवार. कोरसची पोरं जिन्यात उभी, निर्माता घड्याळ बघतोय आणि माझ्याकडे कोरी टेप नाही. मी कपाट उघडलं. मोडलेल्या पट्टीच्या भोकावर सेलोटेप चिकटवली की मशीन फसतं, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. मी सेलोटेप लावली. लोकांना मात्र "चुकून पुसली गेली" एवढंच सांगत आलोय.

तेव्हाचा मी काय म्हणत होतो तेही सांगतो. त्या आवाजात एवढं लीकेज होतं, म्हणजे एकाच्या माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज एवढा शिरला होता, की मिक्सिंग करणंच अशक्य होतं. ती टेप विकली गेली नसती. त्यांना मी त्याच रात्री कॅसेट करून दिली होती, म्हणजे त्यांचं त्यांच्याकडे होतं. आणि बँकेचा हप्ता पाच तारखेला. आज त्याच लीकेजसाठी लोक चार माणसं मुद्दाम एका खोलीत बसवतात, पण हे मला १९९८ मध्ये कोण सांगणार होतं? खरं तर कळायला काही हरकत नव्हती. याच पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते, लाखाच्या वर. पण त्यांच्यामागे हप्ता नव्हता, असं माझ्यातला तो जुना माणूस लगेच म्हणतो. आमचं हे भांडण चालूच असतं.

एक गोष्ट मात्र मला त्याच्याकडून वदवून घेता येत नाही. टेप आधीच फॉर्मॅट केलेली, म्हणजे मशीननं रेकॉर्डिंगसाठी आखून घेतलेली होती. आरत्या थेट वरून भरता आल्या असत्या. पण वापरलेली टेप पहिल्यापासून फॉर्मॅट करायची, मागचा आवाज कुठल्या ट्रॅकवर राहायला नको, ही माझी शिस्त. फॉर्मॅटला टेप जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो. चाळीस मिनिटं. मी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला.

आरत्या अठ्ठावीस मिनिटांत बसल्या.

दहा-अकरा वर्षांनी म्हाताऱ्याचा मुलगा शोधत आला. वडील गेले होते, घरची कॅसेट टेपरेकॉर्डरनं खाल्ली होती. मी म्हटलं, बुरशी लागली, फेकावी लागली. तो चहा न घेता गेला. टेप तेव्हा त्याच्या पाठीमागच्या कपाटात होती. त्या निर्मात्यानंही ती कधी नेली नाही.

गेल्या पावसाळ्यात मशीन दुरुस्त करून घेतलं. सगळ्यात आधी तीच टेप लावली. आरत्या पुढे ढकलल्या, अठ्ठाविसाव्या मिनिटाशी आलो, आठही ट्रॅक पूर्ण चढवले आणि शेवटपर्यंत ऐकलं. डिजिटलमध्ये मागचं काही उरत नाही, हे मी पोरांना शिकवत आलोय. तरी बारा मिनिटं बसलो होतो.