तुम्ही विचारलंत म्हणून: पुरुषांच्या दंडातली कांडी

“बायकांच्या दंडात गर्भनिरोधक कांडी बसवता, तशी पुरुषांना का बसवत नाही?” हा प्रश्न मला बहुतेक वेळा बायकाच विचारतात, तपासणी आटोपून निघता निघता. नवरा बरोबर असला तर नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजतो.

कांडी नाही, म्हणजे विज्ञान जमलं नाही असा बहुतेकांचा समज असतो. विज्ञान कधीच जमलंय. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते, त्यांच्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि शुक्रजंतू तयार करतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की पिट्युटरीला वाटतं, साठा भरपूर आहे. ती हुकूम सोडायचं थांबवते. वृषणाच्या आत एरवी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन असतं. ते आटलं की शुक्रजंतू बनत नाहीत. रक्तातलं प्रमाण मात्र बाहेरच्या औषधाने टिकून राहतं, त्यामुळे दाढी, स्नायू, इच्छा सगळं जागच्या जागी. (“पुरुषत्व जाणार का?” या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.) जोडीला प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकासारखं कृत्रिम औषध) दिलं तर पिट्युटरी आणखी गप्प बसते.

मग घोडं कुठे पेंड खातं? मिलिग्रॅममध्ये. बायकांच्या कांडीत एटोनोजेस्ट्रेल नावाचं प्रोजेस्टिन असतं, फक्त ६८ मिलिग्रॅम. त्यातून रोज मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी औषध झिरपतं आणि तेवढं पुरतं, म्हणून काडेपेटीतल्या काडीएवढी वस्तू तीन वर्षं काम करते. पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण सहा-सात मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं. ते बंद करायचं तर तेवढं परत द्यायला हवं. वर्षाचा हिशेब दोन ग्रॅमच्या वर जातो. एवढा ऐवज एका बारीक कांडीत मावणार कसा?

मावत नाही म्हणून गोळ्यांसारखे घट्ट तुकडे कातडीखाली ठेवतात. जागा बधिर करून छोटीशी चीर देतात आणि जाड पोकळ सुईतून २०० मिलिग्रॅमचा एकेक तुकडा आत सारतात. चार-सहा महिने पुरतात. कधीकधी एखादा चिरेतून बाहेरही येतो. ऑस्ट्रेलियात असे चार तुकडे आणि सोबत बायकांना देतात तेच तिमाही डीएमपीए इंजेक्शन (तेही प्रोजेस्टिनच), असा प्रयोग झाला. २००३ साली निकाल छापून आला: पन्नासच्या वर पुरुष, दुसरं कुठलंही साधन नाही, आणि एकाही जोडीदारणीला दिवस गेले नाहीत.

कंपन्याही उतरल्या होत्या. ऑर्गनॉन आणि शेरिंग यांनी मिळून पुरुषाला एटोनोजेस्ट्रेलची कांडी आणि दर दहा-बारा आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अशी जोडी साडेतीनशे पुरुषांवर तपासली. बहुतेकांचे शुक्रजंतू मिलिलिटरला दहा लाखांच्या खाली, म्हणजे गर्भनिरोधाला पुरेसे कमी झाले. मग शेरिंग बायरने घेतली, ऑर्गनॉन शेरिंग-प्लाउ या वेगळ्याच कंपनीने, आणि हा प्रकल्प गुंडाळला गेला. कांडीही आणि वर सुईही, हे पुरुष पत्करणार नाहीत असा अंदाज. मला विचाराल तर पुरुषांना नीट न विचारता काढलेला अंदाज. मेंट नावाचं, टेस्टोस्टेरॉनपेक्षा जोरदार आणि म्हणून थोडक्यात भागणारं कृत्रिम संप्रेरक कांडीत भरून पाहिलं गेलं. तेही बाजारापर्यंत पोचलं नाही.

“पुरुषांना साइड इफेक्ट सहन झाले नाहीत म्हणून प्रयोग बंद पडला,” हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. त्यावर हसूनही झालं असेल. तो प्रयोग कांडीचा नव्हता, दर आठ आठवड्यांच्या इंजेक्शनांचा होता, आणि तो पुरुषांनी बंद पाडला नाही. मनःस्थितीतले बदल, नैराश्य वगैरे तक्रारी पाहून २०११ मध्ये सुरक्षितता तपासणाऱ्या समितीने नवी इंजेक्शनं थांबवायला सांगितलं. २०१६ मध्ये निकाल आले तेव्हा तीन चतुर्थांशांहून जास्त पुरुषांनी सांगितलं होतं की हे साधन मिळालं तर आम्ही वापरू. समितीचा हिशेब मात्र वेगळा असतो. बाईच्या गोळीचे धोके तिच्याच गरोदरपणाच्या धोक्यांसमोर तोलले जातात. पुरुषाच्या पारड्यात समोर ठेवायला काहीच नसतं, कारण दिवस त्याला जात नाहीत. हा तराजूच मला चुकीचा वाटतो. दोघांचा निर्णय असेल तर धोकाही दोघांचा मिळून का मोजू नये?

उद्या कांडी आलीच, तरी आज बसवली आणि आज रात्री निर्धास्त, असं होणार नाही. एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, आधीचे वाटेत असतातच. त्यामुळे वीर्यतपासणीत आकडा खाली आल्याशिवाय दुसरं साधन सोडायचं नाही. परतीची वाटही तशीच सावकाश. २००६ मध्ये दीड हजारांवर पुरुषांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा औषध थांबवल्यावर संख्या मिलिलिटरला दोन कोटींवर यायला निम्म्यांना साडेतीन महिन्यांच्या आत-बाहेर लागले होते, काहींना वर्षाहून जास्त.

सध्या जास्त पुढे गेलंय ते जेल: नेस्टोरॉन (एक प्रोजेस्टिन) आणि टेस्टोस्टेरॉन, रोज खांद्यांना चोळायचं. जोडप्यांवरचा प्रयोग २०१८ मध्ये सुरू झाला. रोजची आठवण ठेवायची असल्यामुळे कांडीची सोय त्यात नाही.

आणि एक, जे कुणी विचारत नाही पण मला सांगावंच लागतं. जिममध्ये टेस्टोस्टेरॉन टोचून घेणारे दोन प्रकारचे पुरुष माझ्यासमोर येतात. एकाला वाटतं, आपोआप गर्भनिरोध होतोय. तसं तपासणीशिवाय कधीच धरून चालू नये, कारण सगळ्यांचे शुक्रजंतू शून्यावर येत नाहीत. दुसरा मूल होत नाही म्हणून बायकोला तपासायला घेऊन येतो. त्याला मी आधी त्याचाच नमुना द्यायला पाठवते.