आमच्या काउंटीत ब्लॅक माणसं का दिसत नव्हती

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या फोरसाइथ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आता मराठी माणूस दिसला तर कोणाला नवल वाटत नाही. अटलांटाहून ४०० नंबरचा हायवे धरून उत्तरेला निघालात की एकामागून एक सबडिव्हिजन्स लागतात, शाळा चांगल्या, गणपती बसतात, पार्किंग लॉटमध्ये ढोलताशाची प्रॅक्टिस चालते, सकाळी स्कूलबसपाशी तेलुगू तमिळ मराठी सगळं कानावर पडतं. इथे घर घेतोय असं ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, फक्त टीममधल्या एक वयाने मोठ्या ब्लॅक बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, आमचे वडील त्या काउंटीत पेट्रोल भरायलासुद्धा गाडी थांबवायचे नाहीत. एवढंच बोलल्या आणि कामाला लागल्या. मला मात्र ते वाक्य सोडेना, म्हणून मी वाचायला लागलो.

१९१२ चा सप्टेंबर. इथे एका गोऱ्या तरुण मुलीवर हल्ला झाला आणि त्यात ती पुढे वारली. संशयावरून रॉब एडवर्ड्स नावाच्या ब्लॅक माणसाला पकडलं, तर जमावाने जेलमध्ये घुसून त्याला मारलं आणि कमिंग या काउंटीच्या मुख्य गावातल्या चौकात खांबाला लटकवलं. अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोन पोरांवर खटले चालले, ज्युरीत सगळे गोरे, आणि ऑक्टोबरात हजारो लोकांसमोर दोघांना फाशी दिली. पण गोष्ट तिथे संपली नाही. रात्री घोड्यांवरून टोळ्या फिरू लागल्या, चर्च जाळली, घरांवर गोळ्या झाडल्या, आणि काही आठवड्यांत काउंटीतले जवळजवळ सगळे ब्लॅक लोक निघून गेले. १९१० च्या जनगणनेत ते १०९८ होते. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही काउंटी जवळपास शंभर टक्के गोरी राहिली, आणि ती आपोआप राहिली नव्हती, राखलेली होती.

आता हे वाचल्यावर कोणीही म्हणेल की जमाव होता, गुंड होते, तेव्हाचा काळच तसा. मीही आधी तसंच वाचत होतो. पण मग १९०८ सापडलं. त्या वर्षी जॉर्जियाने घटनादुरुस्ती करून मतदारांना लिहितावाचता येण्याची किंवा जमीन असण्याची अट घातली, आणि ज्यांचे बापआजे आधीच्या युद्धांत लढले होते त्यांच्यासाठी पळवाट ठेवली. पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं असेल तर भरायचा कर, तर त्याच्या आधीपासूनच होता. कायद्यात कुठेही ब्लॅक हा शब्द नाही, पण अंमल करणारा कारकून गोरा, आणि कोणाला पास करायचं कोणाला नापास ते त्याच्या हातात. आता बघा, अमेरिकेत काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, सहसा निवडून येतो. बऱ्याच ठिकाणी जजही निवडून येतो. ज्यांना मतच नाही त्यांच्या दारात रात्री टोळी आली तर तो शेरीफ जीव धोक्यात घालून कशाला उभा राहील? १९१२ ची आग पेटायच्या चार वर्षं आधी विझवणाऱ्यांचे हात कायद्याने बांधून ठेवले होते, आणि हे समजल्यापासून मी इथलं राजकारण वेगळ्या नजरेने बघतो.

जमिनीचं तर आणखी वाईट. पळून गेलेल्यांपैकी काहींनी मिळेल त्या भावात जमीन विकली, काहींना तेही जमलं नाही. मग शेजाऱ्यांनी त्या जमिनीचा टॅक्स भरायला सुरुवात केली, काही वर्षं वहिवाट दाखवली आणि जमीन त्यांची झाली. गावाकडे ज्यांच्या घरात सातबाऱ्याची भांडणं झाली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आज त्याच काउंटीत अडीच लाखांहून जास्त लोक राहतात आणि एकेका एकराचा भाव काय आहे ते इथे घर घेतलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आपल्याकडे एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामी संपवली. शाळेत हे अभिमानाने ऐकलंय. पण त्या अमेरिकेचं पुढे काय झालं हे आपल्याला कोणी शिकवत नाही. फुले ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा दक्षिणेत ब्लॅक पुरुष मतदान करत होते, निवडूनही येत होते. इथे जॉर्जियात तर १८६८ मध्ये निवडून आलेल्या ब्लॅक आमदारांना गोऱ्या आमदारांनी सरळ सभागृहाबाहेर काढलं होतं आणि नंतर वॉशिंग्टनच्या दबावाने परत घ्यावं लागलं. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेवरचा हात काढून घेतला आणि मिळालेलं सगळं एकेक नियम करून हिसकावलं गेलं. फुल्यांनी ज्यांचं कौतुक केलं ते लोक खरे होते, त्यांचं काम खरं होतं, पण ते अर्ध्यात सोडून दिलं गेलं.

मग येतं १९८७. त्या जानेवारीत ब्लॅक आणि गोऱ्या लोकांचा एक छोटा मोर्चा फोरसाइथमध्ये आला तेव्हा कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे झेंडे घेतलेल्या जमावाने त्यांच्यावर दगड आणि बाटल्या फेकल्या. आठवड्याभरात दुसरा मोर्चा निघाला, वीस हजारांच्या आसपास लोक, बंदोबस्ताला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य. १९८७ हो! आमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते, काहींचे काका-मामा तर तेव्हा अमेरिकेत येऊनही गेले होते. मोर्च्याचं नेतृत्व करणाऱ्यांमध्ये होते होझिया विल्यम्स, आणि हे नाव वाचून मी जरा सरळ बसलो, कारण हे तेच, जे ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर, ब्लॅक लोकांच्या मतदान हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यात, चळवळीतले नेते जॉन लुइस यांच्या शेजारी सगळ्यात पुढे चालत होते आणि पोलिसांच्या लाठ्या ज्यांच्यावर पडल्या.

सेल्मा झालं म्हणून ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. आणि त्याच काँग्रेसने, त्याच प्रेसिडेंट जॉन्सननी, त्याच वर्षी ऑक्टोबरात इमिग्रेशनचा कायदा बदलला. त्याच्या आधी भारतीयांसाठी वर्षाचा कोटा किती होता माहितीये? शंभर. तोही १९४६ मध्ये मिळालेला, त्याआधी तर दार बंदच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड, अमेरिकन आर्मीत नोकरी केलेला माणूस, त्याच्या नागरिकत्वाचा खटला सुप्रीम कोर्टात पोचला, आणि त्याचा युक्तिवाद काय तर मी आर्य, मी उच्च जातीचा, म्हणून मी गोऱ्यांतच मोडतो. कोर्टाने सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही येत नाही. नंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा अनेक भारतीयांचंही काढून घेण्यात आलं. या खटल्यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की रांगेत वर सरकायला त्याने जातीचं सर्टिफिकेट पुढे केलं, रांग का आहे हे विचारलं नाही.

आणि हे अजून चालू आहे. आमच्या पार्ट्यांमध्ये मी ऐकतो, आपण शिकून आलो, कष्ट केले, कायद्याने लाइनीत उभे राहिलो, या ब्लॅक लोकांना काय झालंय, इतके वर्षं झाली. अहो, ती लाइन उघडली कोणी? आपल्या व्हिसावर सेल्माच्या लोकांचं रक्त आहे असं मी म्हणतो तेव्हा लोक विषय बदलतात आणि भाजी वाढायला घेतात. मी तरी बोलतो.

भाषा तर सगळ्यात हुशार असते. ली ॲटवॉटर नावाचा रिपब्लिकन पक्षाचा रणनीतीकार, रेगनच्या व्हाइट हाउसमध्ये काम करणारा, त्याने १९८१ च्या एका मुलाखतीत हे सगळं उघड सांगून टाकलंय की १९५४ मध्ये ब्लॅक लोकांना सरळ शिवी देता यायची, १९६८ पर्यंत ती अंगाशी यायला लागली, मग राज्यांचे हक्क, शाळेच्या बसेस (ब्लॅक आणि गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून सक्तीने चालवलेल्या) असं बोलायचं, आणि पुढे तर नुसतं टॅक्स कपात म्हणायचं, ज्याचा फटका कोणाला जास्त बसणार ते सगळ्यांना कळतंच. हे वाचल्यावर मार्टाचा विषय माझ्यासाठी बदलला. मार्टा म्हणजे अटलांटाची ट्रेन-बस. शेजारच्या ग्विनेट काउंटीने ती १९७१ मध्ये नाकारली, १९९० मध्ये नाकारली, २०१९ मध्ये परत नाकारली. खर्चाचे मुद्दे असतात, ते खरेही असतात, पण प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतंच की ट्रेन आली की क्राइम येतो. क्राइम म्हणजे कोण ते कोणी बोलत नाही. हेच वाक्य मी आमच्या क्लबहाउसमध्ये, आपल्याच माणसाच्या तोंडून, अगदी सहज ऐकलंय.

रनऑफचं पण तसंच, म्हणजे निवडणुकीत कोणालाच पन्नास टक्क्यांहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी. ऐकायला किती लोकशाहीवादी वाटतं. जॉर्जियात हा नियम १९६४ मध्ये पक्का झाला, तो पुढे रेटणारा आमदार डेन्मार्क ग्रूव्हर, आणि त्यानेच नंतर कबूल केलं की ब्लॅक लोकांची एकगठ्ठा मतं रोखणं हाही हेतू होता. गोऱ्यांची मतं पहिल्या फेरीत फुटली तरी दुसऱ्या फेरीत एकत्र येतील, हा हिशेब.

यावर लोक म्हणतात ते जुनं झालं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही साधारण हेच म्हटलं, ५ विरुद्ध ४ मतांनी, की परिस्थिती बदलली, आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्यामुळे जॉर्जियासारख्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागायची ती अट गेली. २०२१ मध्ये इथे नवा कायदा आला, त्यात मतदान केंद्राजवळच्या रांगेतल्या माणसाला बाहेरच्या कोणी पाणी नेऊन देणंसुद्धा गुन्हा ठरवलं. लांब रांगा कुठल्या भागात लागतात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे मी पंधरा मिनिटांत मत देऊन घरी येतो.

आणि आपण त्यातून सुटलोय असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑक्टोबर २०२० आठवावं. इथले तेव्हाचे सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांनी मेकन शहरातल्या सभेत कमला हॅरिस यांचं नाव मुद्दाम लांबवून, कमला-मला-मला करून घेतलं आणि सभा हसली. कॅम्पेनने नंतर सांगितलं की उच्चार चुकला, दुसरं काही नव्हतं. वर्षानुवर्षं एकाच सिनेटमध्ये बसणाऱ्या सहकाऱ्याचं नाव! त्या रात्री आमच्या ग्रुपवर, जे एरवी राजकारण नको म्हणतात ते सगळे पेटले होते. पेटले हे बरंच झालं, पण हसणारे लोक त्या रात्री जन्माला आले नव्हते, ते १९१२ पासून इथेच आहेत आणि त्यांचा पहिला निशाणा आपण कधीच नव्हतो.

कमिंगच्या चौकात २०२१ मध्ये रॉब एडवर्ड्सच्या नावाने एक फलक लागला. दुसऱ्या वर्षी गावातल्या चर्चवाल्यांनी १९१२ मध्ये हाकलल्या गेलेल्यांच्या वंशजांसाठी स्कॉलरशिप सुरू केली. जमिनी कोणी परत दिल्या नाहीत आणि देणारही नाहीत, तरी हे काम मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या गणपतीच्या कमिटीत मी मांडलंय की वर्गणीतला काही भाग त्या स्कॉलरशिपला द्यावा, आणि मोठ्या मुलांना एकदा त्या फलकापाशी नेऊन सगळं नीट सांगावं. काहींना पटलं, काहींचं म्हणणं की हे पॉलिटिकल होईल, लहान मुलांना कशाला, आपण पाहुणे आहोत. घरं घेतली, नागरिकत्व घेतलं, मत देतो, आणि पाहुणे कसे? पुढच्या मीटिंगला यावर मतदान आहे. फोरसाइथमध्ये राहणाऱ्या ज्या कोणी हे वाचलं असेल त्यांनी कृपया या, आणि विरोध असेल तरी या, समोर बसून बोलू.