लोअर नाइन्थ वॉर्डात सायकलवरून

न्यू ऑर्लीन्स, बुधवार रात्र

फ्रेंच क्वार्टरमध्ये कितीही भटका, 2005 च्या कटरिना वादळात या शहराची काय दशा झाली होती याचा पत्ता लागत नाही. सज्जांवर कुंड्या, कोपऱ्याकोपऱ्यावर ट्रम्पेटवाले. पाणी इथवर फारसं पोचलंच नव्हतं. मिसिसिपी दर पुराला काठावर गाळ टाकत आली, त्यामुळे इथे नदीलगतची जमीन सगळ्यात उंच, आणि नदीपासून दूर जावं तसा उतार. जुन्या लोकांनी हा उंचवटा बघून घरं बांधली. पुढे पंप आले, मागची दलदल उपसून वस्त्या उठल्या, सुकलेली जमीन खचत गेली. आज जवळजवळ निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे.

म्हणून आज मुद्दाम कालव्यापलीकडे, लोअर नाइन्थ वॉर्डात गेले. तिथल्याच एका रहिवाशाबरोबर, सायकलवरून. टूरच्या बसना या भागात यायला शहराने 2006 मध्येच बंदी घातली. लोक घरातला चिखल काढतायत आणि बसच्या काचेआडून त्यांचे फोटो निघतायत, हे कुणाला सहन होईल? सायकलला मनाई नाही. तरी बघ्यांपैकीच मी एक, हे काही डोक्यातून जात नव्हतं.

29 ऑगस्ट 2005 ला कटरिना वादळात इंडस्ट्रियल कॅनालची पूरभिंत इथे कोसळली. लोंढ्याने घरं पायावरून उचलून भलतीकडे नेऊन टाकली. भगदाडातून एक आख्खा बार्ज, म्हणजे सपाट तळाचा मालवाहू पडाव, वस्तीत शिरला. शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला. वादळ मोठं होतं, पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन ॲव्हेन्यू या दोन कालव्यांच्या भिंती पाणी माथ्याला लागायच्या आधीच फुटल्या. त्या बांधणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या बांधकाम विभागाने, 2006 मध्ये आराखडा चुकल्याचं मान्य केलं. जुनी भिंत म्हणजे जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे आणि वर काँक्रीट. आताची भिंत उलट्या 'टी'सारखी आहे, खाली तिरके खांब रोवून बसवलेली. पांढरीफटक, उंच, रस्त्याच्या टोकाशी उभी. तिच्या पलीकडे पाणी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं.

मला वाटलं होतं, मोडकी घरं दिसतील. तशी थोडीच दिसली. दिसली ती हिरवळ. नुसती हिरवळ, ओक, पक्षी, आणि मध्येच तीन-चार सिमेंटच्या पायऱ्या, ज्यांच्यावर घरच नाही. गवत कापलेलं. एखाद्याला वाटेल, छान मोकळी जागा ठेवलीय. पूर्वी इथे घराला घर लागून होतं.

आणि ही मोकळीक पाण्याने केलेली नाही. पाणी काही आठवड्यांत उपसून झालं होतं. लोक परतले नाहीत ते नंतरच्या कागदांमुळे. घर पुन्हा बांधायला 'रोड होम' नावाची सरकारी मदत होती. ती ठरवताना दुरुस्तीचा खर्च आणि पुराआधीची घराची किंमत, यातली जी कमी ती रक्कम धरायचे. विटा, लाकूड, मजुरी सगळ्या शहरात सारखी; पण लोअर नाइन्थसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घरांच्या किमती आधीच पडलेल्या. म्हणजे तेवढंच घर, तेवढाच खर्च, आणि हातात पैसे कमी. 2008 मध्ये यावर कोर्टात दावा झाला, 2011 मध्ये तडजोड झाली. तोवर सहा वर्षं गेली होती. सहा वर्षांत माणसं ह्यूस्टनला, अटलांटाला रुळतात, पोरं तिथल्या शाळांत जायला लागतात. शिवाय कित्येक घरं आजोबा-पणजोबांच्या नावावर, वारसांची नावं कधी लागलीच नाहीत, म्हणून मदतच अडकली. हा प्रकार आपल्याला समजावून सांगायला नकोच!

2000 च्या जनगणनेत शहराची वस्ती 4 लाख 84 हजार होती. 2020 मध्ये 3 लाख 84 हजार.

भिंतीजवळ एक रांग मात्र रंगीबेरंगी. उंच खांबांवरची, तिरप्यातिरक्या छपरांची, सौर पॅनेलवाली घरं. ब्रॅड पिटने 2007 मध्ये 'मेक इट राइट' संस्था काढली, नामांकित वास्तुरचनाकारांना बोलावलं, दीडशे घरांचं ठरलं आणि 109 झाली. हेतूबद्दल मला शंका नाही. पण एवढ्या पावसाच्या गावात कुठे सपाट छपरं, कुठे तोकड्या वळचणी कुणी सुचवल्या असतील? लाकूड कुजलं, गळती लागली, आणि 2018 मध्ये रहिवाशांनी संस्थेवरच खटला भरला. गावातल्या साध्या सुताराने हे आधीच सांगितलं असतं. त्याला विचारलं होतं का, कोण जाणे.

एका घराच्या ओट्यावर आजीबाई बसल्या होत्या. भिंतीवर स्प्रेची फुली, शोधपथकाने 2005 मध्ये काढलेली: एका बाजूला तारीख, एका बाजूला पथकाचं नाव, खाली सापडलेल्या माणसांचा आकडा. घर दोनदा रंगवलं, पण तेवढा चौकोन सोडून, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या फुलीखाली शून्य आहे. फोटो काढू का, विचारलं. म्हणाल्या, "काढा, पण घराचा काढा. ते समोरचं गवत सगळेच काढून नेतात." मग घराचाच काढला. त्यांनी पोर्चवरची खुर्ची सरळ करून घेतली, हात मांडीवर ठेवले.

परतताना सेंट क्लॉड पुलावर अडकलो. जहाज यायचं म्हणून पूल वर उचललेला. खालचं लॉक, म्हणजे जहाजांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी पाण्याची दारं, 1923 चं. ते काढून मोठं करायचा कोअरचा बेत होता. काम वर्षानुवर्षं चालेल म्हणून वस्तीचा त्याला विरोध होता. सोबतचा माणूस या विषयावर जेवढा तापला, तेवढा पुराबद्दल बोलताना तापला नव्हता. कामावर जायचं तर पुलाचा वेळ धरूनच घरातून निघायचं, ही इथली रोजची गत. "भिंत त्यांची, पूल त्यांचा, लॉक त्यांचं," तो म्हणाला, "आणि उशीर मात्र आमचा." मागच्या गाड्यांनी इंजिनं बंद केली होती. आम्हीही सायकली कठड्याला टेकवल्या आणि त्याने मला लॉकवरच्या जनसुनावणीत स्वतः काय बोलला होता ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.