साठ किलोच्या माणसाने कोणती शिडाची होडी घ्यावी?

माझ्या भाच्याचं वजन ६१ किलो आहे आणि त्याला ऑलिंपिकमधली होडी घ्यायची आहे. "मावशी, घ्यायची तर विष्णू सरवनन चालवतो तीच घेतो की. लहान शीड काय, पोरींचं असतंय." (विष्णू म्हणजे ऑलिंपिकला गेलेला आपला शिडाच्या होडीचा खेळाडू.) मी सोलापुरात फिजिओथेरपी करते, सुट्टी जुळली की हैदराबादला हुसेनसागरावर डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवते (गाडीसुद्धा हुसेनसागर एक्स्प्रेसच), आणि माझं स्वतःचं वजन ५८. भाच्याला फोनवर सांगून झालं. पण हाच प्रश्न आणखी दोघा-तिघांनी विचारला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी "पोरींचं शीड" निकालात काढू. पूर्वी लेझर आणि आता आयएलसीए म्हणतात ती होडी ब्रूस कर्बी या कॅनडाच्या माणसाने आखली आणि १९७१ मध्ये बाजारात आली. लांबी ४.२३ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलो. खालचा सांगाडा एकच, त्यावर शिडं तीन : ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं की त्याच होडीचा स्वभाव बदलतो. विष्णू चालवतो ते सगळ्यात मोठं. मधल्या शिडावर नेत्रा कुमानन टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळली. भाच्याने तिच्या निम्मं जरी चालवून दाखवलं तरी मी पेढे वाटेन.

शीड वाऱ्याने एका बाजूला झुकतं आणि त्याला सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूला फक्त तुम्ही असता. तुमचं वजन, आणि तुम्ही काठापासून किती बाहेर जाऊ शकता ते अंतर, एवढंच भांडवल. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा १४ नॉट झाला की दाब जवळजवळ दुप्पट. तुमचं वजन मात्र तेवढंच. मोठ्या शिडाच्या लेझरवर स्पर्धेत उतरणारे पुरुष साधारण ८० ते ८५ किलोंचे असतात. ६१ किलोचा मुलगा त्यावर हलक्या वाऱ्यात मजेत फिरेल, पण वारा वाढला की सगळा वेळ शीड सैल सोडून हवा सांडण्यात जाईल. त्याने मधलं शीडच घ्यावं.

ते अंतर मिळवायची पद्धत म्हणजे हायकिंग. होडीच्या मधोमध ताणलेल्या पट्ट्याखाली पावलं अडकवायची, मांड्या काठावर टेकवायच्या आणि कमरेपासून वरचं अंग पाण्यावर बाहेर झोकायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस आरामात रेललाय. प्रत्यक्षात मांडीच्या पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, सतत आवळलेला असतो. पळताना स्नायू आवळतो-सुटतो, त्यामुळे त्यातून रक्त खेळतं. इथे तो सुटतच नाही, आत रक्त नीट शिरत नाही, आणि थोड्याच वेळात मांडी पेटते, मग थरथरायला लागते. माझ्याकडे यंत्रमागावर दिवसभर एका जागी उभे राहणारे कामगार येतात. चालणाऱ्यापेक्षा त्यांचे पाय जास्त का भरून येतात, त्यामागेही हाच न हलणारा भार. हायकिंगमध्ये नाडीही चढते, पण ती जेवढी चढते त्या मानाने शरीर ऑक्सिजन वापरत नसतं. रक्तदाब मात्र खरोखर वर जातो. त्यामुळे चाळिशीपुढच्यांनी आधी बीपी तपासून घ्या. आणि रोज सकाळी पार्क मैदानावर पळतो म्हणजे झालं असं समजू नका.

पॉल एल्व्हस्ट्रॉम या डॅनिश खेळाडूने १९४८ ते १९६० अशी सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं एकट्याच्या होडीत जिंकली. तो घरात बाकावर हायकिंगचा सराव करायचा. मीही सुताराकडून तसा एक बाक करून घेतलाय, खाली पायासाठी नवारीची दुहेरी पट्टी. दवाखाना बंद झाला की त्यावर लटकते. रिसेप्शनवरच्या काकू म्हणतात, "मॅडम, पेशंटनं बघितलं तर पळून जातील की." बाकावर एक गोष्ट चटकन कळते. मांडी थकली की माणूस नकळत पाठ गोल करतो आणि सगळा ताण कंबरेवर जातो. तिथेच थांबायचं. नुसत्या पुढच्या मांडीचा व्यायाम करणाऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, वाटीमागे दुखतं. मांडीचा मागचा भाग आणि नितंबाचे स्नायू बरोबरीने तयार करा.

आता उजनी धरण. "हैदराबाद कशाला, उजनी आहे की" असं सगळेच म्हणतात. (सोलापूर शहरातला कंबर तलाव सुचवणारेही भेटतात, त्यांना नमस्कार.) आपल्याकडे पाऊस कमी, पण जून-जुलैत पश्चिमेचा वारा कसा सुटतो ते गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्याला विचारा. अडचण अशी की नेमकं तेव्हाच धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलेलं असतं. पाणी लांब गेलेलं आणि मध्ये गाळ. पुण्याकडच्या धरणांचं पाणी येऊन उजनी भरते तोवर वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. म्हणजे वारा हवा असेल तर होडी गाळातून ओढत न्यायची. लेझर शीड-डोलकाठीसकट ८० किलोंच्या घरात जाते, ती एकट्याने ओढण्यातच निम्मा दम संपतो. २०१४ मध्ये आलेल्या आरएस एरोचा सांगाडा जेमतेम ३० किलोंचा आहे, त्यालाही ५ ते ९ चौरस मीटरची वेगवेगळी शिडं मिळतात. मला मनापासून आवडते ती. पण आपल्याकडे लेझर जास्त, तिचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं सापडतात. एरोचं सुकाणू मोडलं तर काय करणार?

आणि एकट्याने चालवायची होडी म्हणजे पाण्यावर एकटं जायचं असं नव्हे. मे २०२४ मध्ये उजनीत वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर थांबू नका. जलाशयाची रीतसर परवानगी, अंगात लाइफ जॅकेट आणि सोबत इंजिनाची बोट, यातलं एक जरी नसेल तर मी होडी पाण्यात घालणार नाही.

आमच्या दिरांचा प्रश्न उलटा. ते ९६ किलो. त्यांच्यासारख्यांसाठी फिन नावाची एकट्याने चालवायची होडी होती, रिकार्ड सार्बी यांनी १९४९ मध्ये आखलेली, १९५२ पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये. लेझरमध्ये सुवर्ण जिंकलेला बेन एन्स्ली तिच्यासाठी मुद्दाम वजन वाढवून आला आणि आणखी तीन सुवर्णं घेऊन गेला. पॅरिसला फिन नव्हती. दिरांना मी मोठ्या शिडाची लेझरच सांगितली. मंद वाऱ्यात मागे पडतील, पण भाऊजींना शर्यत कुठे जिंकायचीय? त्यांचा खरा अडसर गुडघे. लेझरचा बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) खाली असतो, दिशा बदलताना त्याखालून दुमडून पलीकडे जावं लागतं.

विकत घेण्याआधी भाड्याची घ्या आणि किनाऱ्याजवळ मुद्दाम उलटवा. डॅगरबोर्डवर (होडीच्या पोटातून खाली पाण्यात जाणारी फळी) उभं राहून होडी सरळ करणं बहुतेकांना जमतं, हलक्या माणसालाही. कस लागतो तो पाण्यातून स्वतःला काठावरून आत ओढताना, तेही ओल्या कपड्यांत आणि थकलेल्या हातांनी. ताजे असताना जमलं याला अर्थ नाही, दमल्यावर करून बघा. जुनी लेझर बघत असाल तर डोलकाठी बसते त्या खोबणीत काठोकाठ पाणी ओता, चहा पिऊन या आणि पातळी बघा. उतरली असेल तर खोबण आत गळतेय. तो सौदा सोडा.